टीवायला आल्यावर बीडीएसचा (दातांच्या डॉक्टरकीचा) विचार करतेय. उशीर झालाय का?

बेदाणा
१४ सप्टेंबर २०२५, रात्री ११.२०

नमस्कार. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातली. सांगलीत बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायॉलॉजी. बारावी २०२३ ला झाली. तेव्हा नीट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली होती, २८७ मार्क आले. घरी, क्लासमध्ये, सगळीकडे एकच बोलणं होतं: एमबीबीएस मिळालं तर बघू, नाहीतर बीएस्सी. पसंतीक्रमात बीडीएस टाकावं हे कुणाच्या मनातच आलं नाही, माझ्याही नाही. मायक्रो आवडलं, दोन्ही वर्षांचे मार्कही चांगले आहेत. पुढे एमएस्सी आणि मग एखाद्या फार्मा कंपनीत क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासायला) नोकरी, असं जवळजवळ ठरलेलं होतं.

जुलैत टीवायचा प्रोजेक्ट सुरू झाला. सरांनी विषय दिला दात किडवणाऱ्या जंतूंचा, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचा. लाळेचे नमुने हवेत म्हणून जवळच्या एका डेंटल कॉलेजची परवानगी काढली आणि तीन आठवडे रोज सकाळी तिथल्या ओपीडीत जाऊन बसले. बर्फाच्या डब्यात नमुने भरायचे, दुपारी कॉलेजात येऊन जंतू वाढवायच्या प्लेटा लावायच्या. दोन दिवसांनी निळ्या, खडबडीत कॉलनीज मोजायच्या. काम चोख झालं. पण माझं लक्ष प्लेटांवरून उडालं ते त्या ओपीडीतच.

एक टेम्पो चालवणारा दादा आला होता. वय २६. आठवीपासून मावा. त्याच्या तोंडात दोन बोटंही जाईनात. तिथल्या डॉक्टर मॅडमनी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरली, १७ मिलिमीटर. नीट उघडणारं तोंड चाळीसच्या पुढे भरतं. गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ, दोरीसारखी लागत होती. मॅडमनी त्याला आइस्क्रीमच्या काड्या आणायला सांगितलं. मावतील तेवढ्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. त्या दिवशी आठ बसल्या. तो म्हणाला, दीड वर्ष झालं आईच्या हातचं कालवण तोंडात घेता येत नाही, आग होते. दूधभातावर आहे.

घरी येताना एसटीत मी त्या आठ काड्यांचाच विचार करत होते. मला त्याच्या लाळेतले जंतू मोजायचे नव्हते. मॅडमच्या खुर्चीच्या बाजूला उभं राहायचं होतं.

तेव्हापासून झोप नाही. आता २० पूर्ण आहे. सहावं सेमिस्टर एप्रिल-मेमध्ये, नीटही मेच्या सुरुवातीला. पप्पांची दीड एकर द्राक्षबाग आहे, धाकटा भाऊ दहावीला. घरी अजून बोलले नाही. हे खूळ आहे की करण्यासारखं आहे, खरं सांगा.

---

घाटमाथा
१४ सप्टेंबर २०२५, रात्री ११.५८

आधी एक विचारतो, रागावू नकोस. एमएस्सीला नंबर लागेल का, नोकरी मिळेल का ही धास्ती पोटात आहे आणि म्हणून बीडीएस बरं वाटतंय, असं तर नाही ना? माझ्या बहिणीचं तसं झालं होतं. दोन दिवस स्वतःशी भांडून मग उत्तर दे.

---

येरळाकाठ
१५ सप्टेंबर २०२५, दुपारी २.४०

पेशंट संपल्यावर निवांत लिहितेय. मी बीडीएस आहे, विट्याकडच्या एका मोठ्या गावात १४ वर्षं क्लिनिक चालवते.

बेदाणा, तू लिहिलेला तो टेम्पोवाला माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी तो ऊसतोड कामगार असतो, कधी बारावीचा पोरगा. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण मावा टपरीवर समोर घोटून मिळतो, आणि सुपारी हाच तोंड आखडत जाणाऱ्या या आजाराचा मूळ धोंडा आहे. बायकांमध्ये मशेरी. त्यांचे दात बाहेरून नुसते काळे दिसतात, आत गालाला पांढरा चट्टा असतो आणि तो त्यांनी कधी आरशात बघितलेला नसतो. त्यामुळे तुला जे दिसलं ते खरं आहे आणि कामही खरं आहे.

पण तू तीन आठवडे बसलीस ते ओरल मेडिसिनच्या खोलीत. तिथे तपासणं आहे, बोलणं आहे, सल्ला आहे. माझा दिवस तसा नसतो. आज सकाळपासून दोन रूट कॅनॉल, एक अक्कलदाढ, एका आजींच्या कवळीचं माप आणि चार वर्षांच्या मुलाची रडारड. अक्कलदाढेला पन्नास मिनिटं लागली, मूळ वाकडं होतं. मान वाकवून, आरशात उलटं बघत, दोन मिलिमीटरच्या जागेत हात स्थिर ठेवायचा आणि त्याच वेळी पेशंटशी हसून बोलायचं. संध्याकाळी मान आणि कंबर बोलायला लागतात. हे चौदा वर्षांनीही मला आवडतं. न आवडणारे माझ्याच बॅचमध्ये निम्मे होते.

म्हणून माझं म्हणणं, उशीर झाला की नाही हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. २१ व्या वर्षी प्रवेश मिळाला तरी चार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप धरून २६ ला बाहेर पडशील. दवाखाना टाकायला २६ काही म्हातारपण नव्हे. खरा प्रश्न हा आहे की हातांना हे काम रुचतंय का. ते नीटच्या पेपरात कळत नाही.

ते कळण्यासाठी दोन गोष्टी कर. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या साध्या क्लिनिकमध्ये आठ दिवस नुसती उभी राहा. चकाचक ठिकाणी नको, जिथे दाढा काढतात तिथे. आणि घरी दात कोर. पहिल्या वर्षी आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरायला लावतात, त्यात पोरं रडतात. तू कपडे धुवायच्या साबणाची वडी घे. वरचा पुढचा मधला दात, दुप्पट मापात. खरा दात असा: वरचा दिसणारा भाग १०.५ मिमी, मूळ १३, रुंदी ८.५. म्हणजे तुला २१, २६ आणि १७. पट्टी, पेन्सिल, छोटी सुरी. मधल्या बाजूचा कोपरा जवळपास काटकोनात ठेव, बाहेरच्या बाजूचा किंचित गोल. कोपरे उलटे झाले की उजव्या दाताचा डावा होतो. पहिला बिघडेल. पाचव्याला तुला चीड येते की सहावा करावासा वाटतो, ते बघ.

---

अबोली
१५ सप्टेंबर २०२५, रात्री ९.१५

मी अगदी हेच केलंय म्हणून लिहायलाच हवं. बीएस्सी केमिस्ट्री पूर्ण केलं, नंतर बीडीएस, आता इंटर्नशिप संपत आलीये.

बीएस्सी अर्धवट सोडू नकोस, ही पहिली गोष्ट. टीवाय पूर्ण कर. त्या डिग्रीने मला दोन वेळा धीर दिला. एकदा नीटच्या निकालाच्या आदल्या रात्री आणि एकदा पहिल्या वर्षी अॅनाटॉमीत अडकले तेव्हा.

वयाची काळजी सोड. वरची वयोमर्यादा २०२२ पासूनच काढलेली आहे, कितव्यांदा देताय यालाही बंधन नाही. बारावीचे पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) मार्क लागतात, बीएस्सीचे कुणी विचारत नाही.

अभ्यासाचं मात्र नीट ऐक. तुला वाटेल मायक्रो केलंय म्हणजे बायॉलॉजी हातचा मळ. माझ्या वर्गातल्या मायक्रोच्या मैत्रिणीचं तिथेच चुकलं. नीटचं बायॉलॉजी म्हणजे एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं, ओळ न् ओळ. कॉलेजात आपण त्याच्या पुढचं शिकलेलो असतो, अपवाद शिकलेलो असतो, मग सोप्या प्रश्नाला दोन पर्याय बरोबर वाटायला लागतात. पुस्तकात जे छापलंय तेच उत्तर. आपण स्टेट बोर्डवाले, बारावीला ती पुस्तकं नीट वाचलेलीच नसतात. १८० प्रश्नांपैकी ९० बायॉलॉजीचे आहेत, तिथे ३२० च्या वर गेल्याशिवाय बाकी गणित जमत नाही. आता ऐच्छिक प्रश्नही राहिले नाहीत, तीन तासांत १८० सोडवायचे.

आणि फिजिक्स. तीन वर्षांत तू त्याला हात लावलेला नसणार. यंदाच्या मेमध्ये फिजिक्सने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, पहिल्या आलेल्या मुलालाही ७२० पैकी ६८६ होते. म्हणून मार्क बघू नकोस, रँक बघ. गेल्या वर्षीचे ५०० आणि यंदाचे ५०० यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वर्गात मी सगळ्यांपेक्षा तीन वर्षांनी मोठी होते. पहिले दोन महिने हॉस्टेलवर एकटी जेवायचे. मग कार्व्हिंगच्या तासाला माझे दात बघायला पोरी गोळा व्हायला लागल्या, आणि ते सुटलं.

---

बेदाणा
१७ सप्टेंबर २०२५, सकाळी ६.०५

सगळ्यांचे मनापासून आभार.

घाटमाथा दादा, दोन दिवस विचार केला. धास्ती आहे, नाही असं म्हणणार नाही. पण एमएस्सीला नंबर लागला असं समजून बघितलं, तरी त्या खुर्चीपाशीच मन जातं. नोकरी लागली असं समजून बघितलं, तरी तसंच.

येरळाकाठ ताई, साबणाची वडी आणली. पहिला बिघडला.

पैशांचं सांगते. यंदा मेपासून पाऊस थांबलाच नाही, काडीत (वेलीच्या फांदीत) माल कमी आहे असं पप्पा रोज म्हणतात. बागेवर सोसायटीचं कर्ज आहे. खासगी कॉलेजची फी ऐकून मी मोबाइल बंद करून ठेवला. आम्ही ओबीसी, नॉन-क्रीमी लेयर निघतं. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली.

---

सेतू
१७ सप्टेंबर २०२५, सकाळी १०.३०

बेदाणा, मग फीचा आकडा बघून घाबरू नकोस. राज्य सरकारचा जुलै २०२४ चा जीआर आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी विनाअनुदानित कॉलेजलाही लागू आहे, पण प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतूनच) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की माफी गेली. अभिमत विद्यापीठांना ती नाही. हे नीट लक्षात ठेव, कारण आपल्या भागात अभिमत बरीच आहेत आणि एजंट लोक हा फरक सांगत नाहीत. हॉस्टेल, मेस, साहित्य यांचा खर्च वेगळा पडतो. त्यासाठी ओबीसी मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, समाजकल्याणच्या ऑफिसात चौकशी कर.

सरकारी म्हणशील तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि पालिकेचं नायर. पूर्वी ७०:३० चा विभागवार कोटा होता, तो २०२० ला गेला. आता सांगलीच्या मुलीला नागपूरची जागाही तितकीच खुली आहे. ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के ऑल इंडियाच्या.

नीट पात्र होणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. यंदा खुल्या वर्गाची पात्रता १४४ मार्कांवर होती. तेवढ्यावर सरकारी जागा स्वप्नातही नाही. सीईटी सेलच्या साइटवर राउंडनुसार याद्या असतात, मागच्या तीन वर्षांच्या उतरवून घे आणि आपल्या प्रवर्गातला शेवटचा रँक वहीत लिहून ठेव.

कागदं आत्तापासून बघ. जात पडताळणी झालीये का? नसेल तर उद्याच अर्ज कर, ऐन राउंडमध्ये याच एका कागदासाठी मुलं रडताना पाहिलीत. नॉन-क्रीमी लेयरची मुदत तपास. दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट आणि लिव्हिंग सध्याच्या कॉलेजात जमा आहेत का ते विचार. रिपोर्टिंगला चार दिवस मिळतात आणि कॉलेजचा क्लार्क नेमका रजेवर असतो.

---

उंबरठा
१८ सप्टेंबर २०२५, रात्री १२.१०

सगळे पुढे जा म्हणतायत. मला दुसरी बाजू सांगायचीये, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती.

मी २०१३ ला एका खासगी कॉलेजातून बीडीएस झालो. नऊ लाखांचं कर्ज. कॉलेजची इमारत सुंदर होती, खुर्च्या नव्या होत्या, पेशंट नव्हते. गाव बाजूला, एसटी दिवसातून चार. शेवटच्या वर्षी कवळीचा कोटा पूर्ण करायचा असतो. एका कवळीला पाच-सहा फेऱ्या: पहिलं माप, दुसरं माप, चाव्याची नोंद, मेणावर दात बसवून बघणं, मग देणं. आम्ही पदरचे पैसे देऊन आजोबांना आणायचो, जेवू घालायचो. माझे एक आजोबा चौथ्या फेरीला आलेच नाहीत. गावी जाऊन पाहिलं तर वारले होते. मी तिथे बसून रडलो. आणि खरं सांगतो, त्यात थोडं रडणं कोट्याचंही होतं. त्याची लाज आजही वाटते.

बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातून जेमतेम तीस दाढा निघालेल्या होत्या. पुण्यात एका क्लिनिकमध्ये महिना बारा हजारांवर लागलो. सकाळी दहा ते रात्री नऊ. देशात ३०० च्या वर डेंटल कॉलेजं आहेत, सगळी मुलं त्याच चार शहरांत येतात. स्वतःची खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, गाळ्याचं डिपॉझिट, यासाठी पुन्हा कर्ज काढायची हिंमत नव्हती. तीन वर्षांनी मेडिकल कोडिंगला (आजार-उपचारांना बिलासाठी कोड द्यायच्या कामाला) गेलो. आज बरं चाललंय. पण दातदुखीने गाल धरून बसलेला माणूस लोकलमध्ये दिसला की मी मान वळवतो.

बेदाणा, करू नकोस असं म्हणत नाही. कुठल्याही कॉलेजात करू नकोस, एवढंच म्हणतो.

---

येरळाकाठ
१८ सप्टेंबर २०२५, दुपारी ३.१०

उंबरठा, हे लिहिलंत फार बरं केलंत. यातला एकही शब्द खोटा नाही. माझ्या बॅचचे ६०-७० टक्के आज दुसरंच काही करतात.

बेदाणा, यातून एक कामाची गोष्ट घे. पसंतीक्रम भरायच्या आधी प्रत्येक कॉलेजात सोमवारी सकाळी दहा वाजता जा. ऑफिसात जाऊ नकोस, केसपेपरच्या खिडकीसमोर उभी राहा आणि रांग मोज. रांग रस्त्यापर्यंत आलेली असेल तर इमारत पडकी असली तरी चालेल. मी सरकारीत शिकले. खुर्चीचा लाइट हाताने धरून ठेवावा लागायचा, पण शेवटच्या वर्षात आणि इंटर्नशिपमध्ये मिळून माझ्या हातून चारशेच्या वर दाढा निघाल्या. गावात पहिल्या दिवशी अक्कलदाढ आली तेव्हा हात थरथरला नाही तो त्यामुळे.

आणि शहर सोड. माझ्या गावापासून पंचवीस किलोमीटरमध्ये मी धरून तिघंच आहोत. पहिल्या वर्षी महिन्याचं भाडंही निघत नव्हतं, हे लपवत नाही. तिसऱ्या वर्षापासून घर चालायला लागलं.

---

विनायक_जर्सी
१९ सप्टेंबर २०२५, सकाळी ७.४५

न्यूजर्सीहून लिहितोय. आमच्या लेकीने कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी अर्थशास्त्र शिकता शिकता डेंटलचं ठरवलं. इथे ते फार उशिराचं मानत नाहीत, कारण आधी चार वर्षांची डिग्री करूनच डेंटल स्कूलला जायचं असतं. तिला बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे विषय प्रयोगांसकट मागून घ्यावे लागले, एक वर्ष वाढलं. मग डॅट नावाची प्रवेशपरीक्षा आणि पुढे चार वर्षं. कर्ज मात्र छाती दडपणारं आहे, इथल्या मुलांचं सरासरी कर्ज तीन लाख डॉलरच्या आसपास जातं. तिकडे बीडीएस करून इकडे यायचा विचार असेल तर इथे पुन्हा दोन-तीन वर्षं शिकल्याशिवाय बहुतेक राज्यांत परवाना मिळत नाही, हेही आत्ताच माहीत असलेलं बरं.

साबणाचं वाचून आनंद झाला. इथल्या डॅटमध्ये पूर्वी मुलांना खडू कोरायला द्यायचे. कॅनडात तर अगदी अलीकडेपर्यंत साबण कोरायची परीक्षा होती. आता इथे कागदाच्या घड्या आणि कोन ओळखायचे प्रश्न असतात. नीटमध्ये हाताची परीक्षा काहीच नाही, म्हणून येरळाकाठ यांनी सांगितलेलं घरी करून बघणं मला फार मोलाचं वाटतं.

---

बागायतदार
१९ सप्टेंबर २०२५, रात्री ८.३०

पोरी, मी पलूसचा. माझी पण बाग आहे आणि मुलगी बारावीला आहे.

पप्पांना छाटणीच्या गडबडीत सांगू नको. आता माणूस काडीकडं बघत असतो, त्याला दुसरं दिसत नाही. छाटणी होऊ दे, फुटी निघू देत, मग सांग. आणि सांगताना आधी त्या टेम्पोवाल्याचं सांग, मग फी माफीचं, मग वर्षांचं. वर्षं पहिली सांगितलीस तर ते भावाच्या शिक्षणाचा हिशेब मांडतील आणि पुढचं ऐकणार नाहीत.

आणि बाळ, मॅनेजमेंटची सीट घेऊन देतो म्हणून कुणी घरी आला तर त्याला चहा पाजून परत पाठव. जमीन गहाण टाकून शिकायचं नाही. हे तुझ्या बापाच्या वतीनं सांगतोय.

---

बेदाणा
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.५०

धागा वर काढतेय. बरंच काही झालं.

दिवाळीत येरळाकाठ ताईंच्या क्लिनिकमध्ये नऊ दिवस गेले. पत्ता मागायला मेसेज केला तेव्हा कळलं की घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. पहिल्या दिवशी दाढ काढताना करकर आवाज आला आणि माझे पाय थंड पडले, भिंतीला टेकून उभी राहिले. ताई पेशंटला म्हणाल्या, "मावशी, दाब लागेल, दुखणार नाही, दुखलं तर डावा हात वर करा." मावशींनी हात वर केला नाही. नंतर त्यांनी कापूस दाताखाली दाबून धरत माझ्याकडे बघून मान हलवली, जणू माझीच दाढ काढली होती. चौथ्या दिवसापासून मी सक्शन धरायला लागले. सातव्या दिवशी आवाज ऐकू यायचा बंद झाला, म्हणजे यायचा पण माझं लक्ष मुळाकडे असायचं.

पप्पांना सांगितलं. बागायतदार काकांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. छाटणी झाली होती, आम्ही बागेत डिपिंगचं (घड औषधात बुडवायचं) बघत होतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पाच वर्षं म्हणजे पाच बहार. मी हो म्हणाले. संध्याकाळी आईला म्हणाले, तिची जात पडताळणीची पावती कुठे ठेवलीये बघ. तेवढंच बोलले, पण मी आत जाऊन रडून घेतलं.

ठरलं ते असं. टीवाय पूर्ण करायचं. मेमधली नीट द्यायची, पण सेमिस्टरचा बळी देऊन नाही. रँक आला तर उत्तम, नाही आला तर एक वर्ष घरी बसून २०२७ ची द्यायची. त्यानंतर तिसऱ्यांदा नाही, मग एमएस्सी. हे मी पप्पांना वहीवर लिहून सही करून दिलंय. रोज पहाटे चार ते सहा फिजिक्स. आज विद्युतधारा संपवलं, तीन वर्षांपूर्वी याच प्रकरणाला मी पानं उलटून पुढे गेले होते.

आणि तो टेम्पोवाला दादा. दुसऱ्या फेरीच्या नमुन्यांसाठी ओपीडीत गेले तेव्हा भेटला. रबर लावलेला काड्यांचा गठ्ठा त्याच्या शर्टच्या खिशात होता, पूर्वी जिथे माव्याची पुडी असायची तिथे. अकरा बसतात म्हणाला. मॅडमनी पट्टी लावली, २२ मिलिमीटर. मावा पूर्ण सुटलाय का विचारलं, तर खाली बघून म्हणाला, दोनदा घेतला महिन्यात. कालवण अजून जमत नाही, वरण चालतं.

दातांचा फोटो टाकलाय. हा सातवा. वरचा उजवा मधला. मापं पट्टीवर बरोबर येतायत, मूळ अर्धा मिलिमीटर कमी भरलंय. कसा झालाय?

---

उंबरठा
९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.३०

रँक आला की इथे लिही. कॉलेज बघायला सोबत कुणी हवं असेल तर सोमवारी मी सुट्टी काढेन. रांग कशी मोजायची ते मला माहीत आहे.

---

येरळाकाठ
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी २.१५

फोटो मोठा करून पाहिला. दाताच्या मानेजवळचा वळसा छान आलाय, मूळही सरळ आहे. पण उजवा म्हणतेस तो डावा झालाय, गोल कोपरा कुठल्या बाजूला आहे बघ. शनिवारी ये. मेणाचे ठोकळे आणि माझं जुनं कार्व्हर काढून ठेवते, साबण आता पुरे.